जुन्या सिंथचे कंडेन्सर बदलताना: पॉवरचे आधी, सुराचे शक्यतो नाहीतच

जुना सिंथ, म्हणजे सिंथेसायझर, चालू केला, एकाही पट्टीला बोट लावलेलं नाही, तरी स्पीकरमधून एकसारखा घुमणारा आवाज येतो. हार्मोनियमवर शोधला तर तो खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर सापडतो. त्याला कारण आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते. वाद्यातला ब्रिज रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करणारा भाग) प्रत्येक हेलकाव्याच्या दोन्ही बाजू वापरतो, म्हणून आत सेकंदाला १०० ठोके पडतात. खर्जातली ती पांढरी पाच ९८ हर्ट्झची आणि हा आवाज १०० हर्ट्झचा. हे ठोके सपाट करण्याचं काम ज्या कंडेन्सरचं, तो थकला की ते थेट कानावर येतात.

मुंबईत अशी वाद्यं अजून बरीच आहेत. सत्तरच्या दशकात केर्सी लॉर्ड यांनी हिंदी चित्रपटसंगीतात मूग सिंथेसायझर वाजवला. १९८२ साली चरणजित सिंग यांनी रोलँडची ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही तीन यंत्रं घेऊन रागांची तबकडी केली. पुढे ऑर्केस्ट्रा, लग्नाचे बँड, गणपतीतल्या बेंजो पार्ट्या यांच्याबरोबर कीबोर्ड आणि ऑक्टापॅड गल्लोगल्ली पोचले. त्या पिढीच्या यंत्रांनी आता चाळिशी गाठली किंवा ओलांडली आहे. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या मंडळाच्या खोलीत ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पडलेली असतात. 'आता याचं काही होत नाही' असं सांगून यातली अनेक भंगारात जातात, आणि ते बघवत नाही. कारण पुष्कळदा अडलेलं असतं ते काही रुपयांच्या चार-सहा कंडेन्सरपाशी.

याच्या उलट चूकही तितकीच होते. उत्साहात सगळेच्या सगळे शंभर-सव्वाशे कंडेन्सर एका बैठकीत बदलले जातात आणि वाद्य एक तर बंद पडतं किंवा त्याचा आवाज ओळखू येत नाही. म्हणून आधीच सांगून ठेवतो: पॉवर सप्लायमधले कंडेन्सर निःशंक बदला, आवाजाच्या वाटेवरचे तपासून बदला आणि सूर ठरवणाऱ्यांना हात लावू नका. कोणता कंडेन्सर कोणत्या कामाचा हे ओळखता आलं की निम्मं काम झालं.

गच्चीवरची टाकी

पालिकेचं पाणी ठरावीक वेळी येतं, पण नळ दिवसभर चालतो, कारण मध्ये गच्चीवरची टाकी असते. पॉवर सप्लायमधला मोठा कंडेन्सर म्हणजे हीच टाकी. रेक्टिफायरकडून वीज ठोक्याठोक्याने येते, कंडेन्सर ती साठवतो आणि दोन ठोक्यांच्या मधल्या काळात सर्किटला पुरवतो.

हे काम करणारा प्रकार म्हणजे इलेक्ट्रोलिटिक, तो दंडगोल डबीसारखा दिसणारा. आत ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या, मध्ये कागद आणि कागदात मुरवलेला वीजवाहक द्रव असतो. एका पट्टीवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि खरा विद्युतरोधक तोच. डबीचं तोंड रबरी बुचाने बंद केलेलं असतं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने द्रव बुचातून हळूहळू उडून जातो आणि मग दोन गोष्टी होतात. साठवण कमी होते, म्हणजे टाकी लहान होते. आणि आतला रोध वाढतो, म्हणजे टाकीचा पाइप गाळाने तुंबतो. या आतल्या रोधाला ईएसआर म्हणतात. टाकी भरलेली असूनही नळाला धार नाही, असा हा प्रकार. साध्या मल्टिमीटरने नुसते मायक्रोफॅरड, म्हणजे साठवणीचं माप, मोजले तर तो दिसत नाही.

इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य तापमानावर ठरतं. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं आणि १० अंशांनी उतरलं की दुप्पट. जुना साधा कंडेन्सर ८५ अंशांना १००० तासांचा धरा. वाद्याच्या पेटीत ट्रान्सफॉर्मरशेजारी ५५ अंश असतील तर तीन पायऱ्या खाली, म्हणजे ८००० तास. रोज पाच तास वाजवलं तर हे सुमारे साडेचार वर्षांत संपतात. त्या दिवशी कंडेन्सर मरत नाही. सर्किटमध्ये मोकळीक ठेवलेली असते म्हणून वाद्य पुढे कैक वर्षं चालतं, पण ते त्या मोकळिकीवर चालत असतं. आजचा १०५ अंशांचा, ५००० तासांचा माल तिथे बसवला तर त्याच ५५ अंशांना पाच पायऱ्या मिळतात, म्हणजे हिशेबाने १,६०,००० तास. रबरी बूच त्याआधीच म्हातारं होईल, पण फरक किती आहे ते लक्षात येतं.

मुंबईच्या दमट हवेला लोक यासाठी दोष देतात, तो पूर्ण बरोबर नाही. कंडेन्सर सुकतो तो उष्णतेने. दमट, खारी हवा मारते ती कंडेन्सरचे पाय, पीसीबीचे (सर्किटच्या छापील बोर्डाचे) ट्रॅक, स्लायडर, सॉकेट आणि जुने कागदी कंडेन्सर.

एक हिशेब, जो कळला की बाकी सोपं

समजा वाद्यात १५ व्होल्टचा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज १५ वर स्थिर धरणारी चिप आहे, नेहमीची ७८१५. ट्रान्सफॉर्मरमधून १६ व्होल्ट एसी येतात. त्याचं शिखर सुमारे २२.६ व्होल्ट, त्यातून ब्रिजमधले १.४ गेले की उरले २१.२. सर्किट अर्धा अँपिअर खातं आणि फिल्टरला २२०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आहे. दोन ठोक्यांच्या मध्ये व्होल्टेज किती खाली येईल? करंटला १०० ने आणि फॅरडमधल्या क्षमतेने भागा: ०.५ भागिले (१०० गुणिले ०.००२२), म्हणजे सुमारे २.३ व्होल्ट. तळ आला १८.९ वर. रेग्युलेटरला १५ देण्यासाठी साधारण १७ लागतात, ते मिळतात. वाद्य शांत.

हाच कंडेन्सर सुकून ७०० मायक्रोफॅरडवर आला तर घसरण होते ७.१ व्होल्ट आणि तळ १४.१ वर. सेकंदातून शंभर वेळा रेग्युलेटरची मान पाण्याखाली जाते. १५ व्होल्टच्या सरळ रेषेला खाचा पडतात, त्या ऑसिलेटरमध्ये, फिल्टरमध्ये, सगळीकडे घुसतात आणि गुणगुण ऐकू येते. कधी गुणगुण फारशी नसते, पण सूर थरथरतो, मेमरी हरवते किंवा वाद्य चालू झाल्यावर मध्येच स्वतःला रीसेट करतं. मुळात दोष एकच, म्हणून सुरुवात नेहमी पॉवर सप्लायपासून.

पेटी उघडण्याआधी

दोन गोष्टी पाहून घ्या. पहिली, मागच्या पाटीवरचं व्होल्टेज. जपानमधून आलेलं वाद्य १०० व्होल्टचं असू शकतं, अमेरिकेतलं ११७ किंवा १२० चं. १०० चं वाद्य चुकून २३० वर लावलं तर वरच्या उदाहरणातला २१ व्होल्टचा डीसी पन्नासच्या आसपास जातो आणि ३५ व्होल्टचा कंडेन्सर फुटतो. अशा वाद्यात फिल्टर कंडेन्सर बदलून भागत नाही, ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि रेग्युलेटरही तपासावे लागतात. त्याला २३० चे १०० करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरच हवा. ११० चा लावला तरी वाद्य वाजतं, पण आत कायम दहा टक्के जास्त ताण आणि उष्णता राहते, आणि पुन्हा कंडेन्सरच मरतात.

दुसरी गोष्ट, दोष कंडेन्सरचा आहे का? रोलँड ज्युनो-१०६ मध्ये एखादा स्वर गायब होतो किंवा अडकून वाजत राहतो, तो बहुतेक वेळा ८००१७ए या व्हॉइस चिपमुळे. तिच्यावरचं राळेचं आवरण काळानुसार खराब होतं. कोर्ग पॉलिसिक्समध्ये मेमरीची बॅटरी गळून पीसीबी खाते. तिथे कंडेन्सर बदलून काही साधत नाही, आधी बॅटरी काढून बोर्ड साफ करावा लागतो. कीबोर्ड हलवल्यावर आवाज येतो-जातो तर सॉकेटपाशी ड्राय सोल्डर, म्हणजे सुटलेला जोड, बघा. आणि मोठ्या कंडेन्सरच्या बुडाशी तपकिरी थर दिसला तर लगेच 'गळला' म्हणू नका. कारखान्यात कंडेन्सर हलू नये म्हणून लावलेला तो गोंद असू शकतो. मात्र हा जुना गोंद काळपट झाला की थोडी वीज वाहू देतो आणि शेजारचे पाय खातो, म्हणून तोही खरवडून काढायचा.

कोणता बदलायचा, कोणता नाही

पॉवर सप्लायमधले मोठे फिल्टर कंडेन्सर आणि रेग्युलेटरच्या पुढचे-मागचे छोटे इलेक्ट्रोलिटिक तीस वर्षांपेक्षा जुने असतील तर मोजत बसू नका, बदला. यंत्र उघडलेलंच असतं आणि हा माल स्वस्त असतो.

नंतर बोर्डभर विखुरलेले १० ते १०० मायक्रोफॅरडचे. त्यातले काही प्रत्येक चिपपाशी पॉवर स्थिर ठेवतात, तर काही आवाज एका टप्प्यातून दुसऱ्यात नेतात. हे कपलिंग कंडेन्सर डीसी अडवतात आणि फक्त आवाज पुढे सोडतात. त्यांची क्षमता घटली की खर्ज जातो. समजा कंडेन्सर १ मायक्रोफॅरडचा आणि पुढचा रोध १० किलोओहम आहे, तर सुमारे १६ हर्ट्झच्या वरचं सगळं पुढे जातं. तोच सुकून ०.१ वर आला तर हद्द १५९ हर्ट्झवर जाते आणि बास पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. दुसरा दोष गळती. व्हॉल्यूमचं बटन फिरवताना खरखर येते, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला तरी जात नाही, तेव्हा पॉटच्या, म्हणजे त्या बटनाखालच्या बदलत्या रोधाच्या, टोकांवर डीसी मोजा. तिथे जवळजवळ शून्य हवं. शेकडो मिलिव्होल्ट दिसले तर आधीचा कंडेन्सर डीसी सोडतोय, पॉट निर्दोष आहे. असे मोजून सापडलेलेच बदला.

टँटलम, म्हणजे रंगीत थेंबासारखे दिसणारे, यांचा स्वभाव वेगळा. ते सुकत नाहीत, ते एका दिवशी शॉर्ट होतात आणि पूर्ण रेल, म्हणजे वीजपुरवठ्याची लाइन, खाली ओढतात. १५ व्होल्टच्या लाइनीवर १६ व्होल्टचा टँटलम दिसला तर तो बदलाच. तिथे २५ किंवा ३५ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक चालतो.

आता हात न लावण्याची यादी. ऑसिलेटर आणि फिल्टरमधले पॉलिस्टायरीन, म्हणजे चंदेरी किंवा पारदर्शक गुंडाळीसारखे, आणि पॉलिस्टर किंवा मायलर, चपटे हिरवे-तपकिरी. सूर आणि आवाजाचा पोत ठरवणारे हेच. हे सुकत नाहीत, कारण त्यात द्रवच नसतो. यांची क्षमता एक-दोन टक्क्यांनी इकडेतिकडे झाली तरी ट्यूनिंग पुन्हा लावावं लागतं. शिवाय पॉलिस्टायरीन ८५ अंशांच्या आसपास मऊ पडतं, त्यामुळे शेजारी सोल्डर करतानाही सोल्डरिंग आयर्नची दांडी त्याला टेकू देऊ नका. सिरॅमिक चकत्याही तशाच राहू द्या. फक्त तडा गेलेली किंवा शॉर्ट झालेली बदला.

एक अपवाद हॅमंड ऑर्गनचा. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या टोनव्हील हॅमंडमध्ये मेणकागदाचे कंडेन्सर असत. ते ओल शोषतात, त्यांची क्षमता वाढत जाते आणि वरचे स्वर मंद होतात. ते बदलले की ऑर्गन उजळ वाजतो, काहींना फारच उजळ. हा निर्णय वादकाच्या कानावर सोडावा, कारागिराने परस्पर घेऊ नये.

आणि मेनच्या वाटेवरचे, स्विच किंवा पॉवर सॉकेटपाशी असणारे, विजेतला गोंगाट गाळणारे कंडेन्सर. जुन्या कागदी प्रकारात बाहेरच्या पारदर्शक खोक्याला बारीक तडे जातात, ओल शिरते आणि एक दिवस खोलीभर धूर होतो. इथे साधा कंडेन्सर कधीही लावू नका. लाइन आणि न्यूट्रलच्या मध्ये एक्स२ वर्गाचा, लाइन आणि अर्थिंगच्या मध्ये वाय२ वर्गाचा, हा छापील शिक्का पाहूनच घ्या. तिथे चूक झाली तर गुणगुण नाही, शॉक बसतो.

लॅमिंग्टन रोडवर

ग्रँट रोड स्टेशनवरून चालत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात पोचलात की काउंटरवर आकडा आणि व्होल्ट एका दमात सांगायचे: बावीसशे-पस्तीस, शंभर-पंचवीस, दहा-पन्नास. जुन्या मालावर एमएफ किंवा एमएफडी लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ मायक्रोफॅरडच.

क्षमता तीच घ्या. फिल्टरच्या जागी दीडपटीपर्यंत चालेल, म्हणजे २२०० च्या जागी ३३००. '१०,००० घातला तर गुणगुण पूर्ण जाईल' हा विचार महाग पडतो: रिकामी मोठी टाकी चालू करतानाच इतका करंट ओढते की फ्यूज उडतो किंवा ब्रिज जातो. व्होल्ट तेच किंवा एक पायरी वर, १६ च्या जागी २५. तापमान १०५ अंश. आणि आकार मोजून न्या: व्यास, उंची, पायांमधलं अंतर. नवे कंडेन्सर जुन्यांपेक्षा लहान असतात, त्यामुळे ७.५ मिलिमीटरच्या भोकांत ५ मिलिमीटरचे पाय ताणून बसवावे लागतात. ताण बुचावर येऊ देऊ नका, पाय चिमट्यात धरून वाकवा. दोन्ही टोकांना पाय असलेल्या आडव्या प्रकाराला ॲक्सिअल म्हणतात. तो मिळाला नाही तर उभा रेडिअल घेऊन एका पायावर स्लीव्ह चढवून आडवा झोपवता येतो.

अंगावर बीपी किंवा एनपी लिहिलेला असेल तर तो दोन्ही दिशांनी चालणारा, बायपोलर. त्याच्या जागी साधा टाकू नका. दुकानात 'बायपोलर' म्हणून मागा.

निचिकॉन, पॅनासॉनिक, रुबिकॉन, केमिकॉन यांचा माल भरवशाचा, आणि केरळच्या केल्ट्रॉनचाही. नकली मालात मोठ्या डबीत छोटा कंडेन्सर कोंबलेला सापडतो. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलका लागला तर तिथेच मीटर लावून बघा. 'ओरिजिनल जुना स्टॉक' हौसेने घेऊ नका. न वापरलेला कंडेन्सरही शेल्फवर म्हातारा होतो.

टेबलावर

प्लग काढा आणि थेट कामाला लागू नका. मोठ्या कंडेन्सरमध्ये चार्ज उरतो. सिंथमधल्या २०-३० व्होल्टसाठी १ किलोओहम, ५ वॅटचा रोध पायांवर काही सेकंद धरा. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्ये ४०० व्होल्ट असू शकतात, तिथे १० किलोओहम, १० वॅटचा, आणि क्लिप लावून, हाताने धरून नव्हे. नंतर मीटरने खात्री करा. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी काढण्याची पद्धत सोडा. त्याने ट्रॅक उडतो, कंडेन्सर आतून दुखावतो, आणि ४०० व्होल्टला हाताचंही काही खरं नसतं.

मग फोटो. प्रत्येक बोर्डाचे, दोन्ही बाजूंनी, उजेडात. कागदावर नंबर, क्षमता, व्होल्ट आणि उणे बाजू लिहा. बोर्डावर छापलेल्या चिन्हावर आंधळा विश्वास ठेवू नका. छपाई चुकलेली आणि कारखान्याने बरोबर बसवलेला असे बोर्ड सापडतात. म्हणून जुना कंडेन्सर कसा होता हे महत्त्वाचं.

इथली सगळ्यात नेहमीची चूक उणे रेलवर होते. सिंथमध्ये अधिक १५ आणि उणे १५ अशा दोन लाइनी असतात. 'उणे पाय ग्राउंडला' हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं, ते अधिक लाइनीसाठी ठीक. उणे १५ च्या लाइनीवर ग्राउंड हीच वरची बाजू आहे, म्हणून तिथे कंडेन्सरचा अधिक पाय ग्राउंडला जातो. उलटा बसला तर आधी गरम होतो, मग फुगतो, मग फुटतो. खुणांमध्येही गफलत आहे: साध्या इलेक्ट्रोलिटिकवरचा पट्टा उणे पाय दाखवतो, टँटलमवरची खूण अधिक पाय दाखवते.

काढताना: तापमान ठरवता येणारं आयर्न ३३० ते ३५० अंशांवर ठेवा. जुन्या जोडावर आधी थोडं ताजं ६०/४० सोल्डर आणि फ्लक्स लावा, त्याने जुनं सोल्डर मोकळं वितळतं. मग सकरने ओढा, उरलेलं तांब्याच्या विकने टिपा. एका पॅडवर तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या तपकिरी, एकाच बाजूला ट्रॅक असलेल्या बोर्डांवर पॅड गोंदावरच चिकटलेलं असतं, उष्णता जास्त झाली की पापुद्र्यासारखं सुटून येतं. सुटलंच तर घाबरू नका. ट्रॅकवरचा हिरवा लेप अर्धा सेंटिमीटर खरवडा आणि नव्या कंडेन्सरचा पाय त्यावर झोपवून सोल्डर करा. ग्राउंडचा पाय मोठ्या तांब्याच्या पट्टीला जोडलेला असतो, तो उष्णता पिऊन टाकतो. तिथे जाड टोकाचं बिट हवं, जास्त तापमान नको. दोन्ही बाजूंना ट्रॅक असलेल्या बोर्डावर कंडेन्सर हिसकला की भोकाच्या आतलं तांबंच बाहेर येतं आणि वरच्या-खालच्या बाजूंचा संबंध तुटतो. सोल्डर पूर्ण वितळून पाय डुलायला लागला, तरच ओढा.

एक काढा, एक बसवा, मग पुढचा. सगळे एकदम काढून ठेवलेल्या बोर्डावर नंतर कोण कुठला हे शोधताना चुका होतात. पॉवर सप्लाय झाला की तिथे थांबा आणि वाद्य चालू करून बघा.

पहिल्यांदा चालू करताना

थेट प्लग लावू नका. सिरीज बोर्ड वापरा, म्हणजे लाइनीत ६० वॅटचा तारेचा बल्ब. एलईडी बल्बने हे काम होत नाही. चालू करताच बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, नवा कंडेन्सर भरला. लख्ख पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, बंद करा आणि आधी दिशा तपासा. फ्यूज गेला तर त्याच आकड्याचाच लावा. मंडपात घाईघाईने फ्यूजवर तार गुंडाळलेली वाद्यं नेहमी दिसतात. त्या तारेचा पुढचा बळी ट्रान्सफॉर्मर असतो.

बल्ब मंद राहिला की तो काढून थेट मेनवर या आणि रेल मोजा. १५ व्होल्टच्या लाइनीवर काही दशांशांचा फरक चालतो, पण ट्रिमर, म्हणजे बारीक जुळवणीचा स्क्रू, असेल तर सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यावर नेमकं लावा, कारण पूर्ण वाद्याचं ट्यूनिंग या रेलवर उभं असतं. मग मीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून उरलेले ठोके मोजा. रेग्युलेटरनंतर ते काही मिलिव्होल्टच हवेत. काही स्वस्त मीटर डीसीलाच एसी समजून भलता आकडा दाखवतात, म्हणून प्रोबच्या ओळीत ०.१ मायक्रोफॅरडचा फिल्म कंडेन्सर लावून मोजा.

गुणगुण तरीही राहिली तर ती १०० हर्ट्झची आहे की ५० ची ते ऐका. ५० ची, म्हणजे एक सप्तक खालची असेल तर कंडेन्सर सोडून द्या आणि अर्थिंग, केबल, मिक्सरशी झालेला ग्राउंड लूप किंवा ब्रिजमधला गेलेला डायोड शोधा.

दोन तास चालू ठेवा. बंद करून, डिस्चार्ज करून कंडेन्सरला बोट लावा. कोमट ठीक, चटका बसला तर काहीतरी उलटं किंवा कमी व्होल्टचं आहे. ट्यूनिंग आणि फिल्टरची जुळवणी अर्धा तास गरम झाल्यानंतरच करा, आधी केलेली टिकत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदच्या सुरुवातीला बनलेल्या सॅम्पलर, इफेक्ट युनिट आणि डिजिटल कीबोर्डांबद्दल वेगळं सांगायला हवं. त्यात बोर्डावर चपटे बसणारे सरफेस माउंट इलेक्ट्रोलिटिक असतात. ते सुकण्याआधी गळतात. द्रव अल्कधर्मी असतो, ट्रॅक काळे-हिरवे होतात, आयर्न लावल्यावर मासळीसारखा वास येतो. हे मात्र वाट न बघता सगळे बदला, वाद्य आज नीट चालत असलं तरी, कारण प्रत्येक महिन्याला ट्रॅक झिजत असतो. काढल्यावर पॅडवर कापसाच्या बोळ्याने थोडं पांढरं व्हिनेगर, मग डिस्टिल्ड पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पूर्ण सुकवून मगच नवा. ट्रॅक तुटला आहे का ते मीटरच्या बीपवर तपासा, डोळ्यांना तो अखंड दिसतो आणि खालून कुरतडलेला असतो.

धुतलेला बोर्ड जुलैत नुसता पंख्याखाली ठेवून सुकत नाही. चिपच्या खाली आणि सॉकेटच्या भोकांत ओल राहते. ड्रायर मंद उष्णतेवर ठेवून हातभर अंतरावरून दहा-पंधरा मिनिटं फिरवा, रात्रभर सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात ठेवा, मग चालू करा. दुरुस्त झालेलं वाद्यही पुन्हा माळ्यावर टाकू नका. पत्र्याखालच्या माळ्यावर उन्हाळ्यात जी उष्णता साचते ती न वाजवतासुद्धा कंडेन्सर सुकवते. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवा, प्लॅस्टिकऐवजी सुती चादर घाला आणि महिन्यातून एकदा तासभर चालू करा. ऑक्साइडचा थर व्होल्टेजवर टिकून राहतो, आणि आतली ओलही त्या उबेने निघून जाते. दहा-पंधरा वर्षं बंद असलेलं वाद्य चालू करायचं असेल तर डिमरस्टॅटवरून (व्होल्टेज कमीजास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरून) व्होल्टेज तास-दोन तासांत हळूहळू चढवा, म्हणजे झिजलेला थर पुन्हा धरतो. हे फक्त साध्या ट्रान्सफॉर्मरच्या वाद्यांसाठी. एसएमपीएस, म्हणजे स्विचिंग पद्धतीचा पॉवर सप्लाय, असलेल्याला कमी व्होल्टेज दिलं तर तो जास्त करंट ओढून जळू शकतो.